टोपलीची दांडी

माझ्या सासूबाईंनी आयुष्यातली एकतीस वर्षं नऊ बाय सात फुटांच्या खोलीत, एका खिडकीमागे बसून काढली. त्यांना कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. खोलीला दार होतं आणि दाराची कडी आतल्या बाजूला होती. तरीही अळंबीच्या हंगामात, म्हणजे वर्षातले चांगले पाच महिने, त्या खोलीतून उठायच्या त्या फक्त जेवायला आणि झोपायला. तेही जिना चढून वरच्या दोन खोल्यांत, ज्या त्यांना याच कामाबरोबर मिळाल्या होत्या. उरलेले सात महिने त्या पुढच्या हंगामाची काळजी करत.

खोली बाजाराच्या फाटकाला लागून होती. रानातून अळंबी गोळा करून विकणारी चाळीसेक घरं होती, आणि प्रत्येकाने आपली टोपली आधी या खिडकीवर आणायची असा नियम होता. सासूबाई ती तपासायच्या, चिठ्ठीवर शिक्का मारायच्या, मगच माल बाजारात जायचा. जी नको ती अळंबी टेबलाखालच्या चुन्याच्या बादलीत. लोक त्यांना पारखीण म्हणत. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच नव्हतं. लग्नानंतर वर्षभराने एकदा माझ्याच तोंडून ‘अहो पारखीणबाई’ असं निघून गेलं, तर त्यांनी मुकाट्याने ओ दिली.

हे काम त्यांनी मागून घेतलं नव्हतं. आधी माझे सासरे पारखी होते. ऐन हंगामात ते अचानक गेले, तेव्हा बाजाराच्या त्या वेळच्या सचिवांनी घरी येऊन सांगितलं, की दुसरा कुणी मिळेपर्यंत तात्पुरतं बसा. पदरात चार वर्षांचा मुलगा होता, डोक्यावरचं छप्पर त्या कामाचंच होतं. सासूबाई तात्पुरत्या बसल्या.

त्याआधी त्या पक्क्या रानभटक्या होत्या. लग्नाच्या आधी आणि नंतरही सासऱ्यांबरोबर मैलोन्‌मैल हिंडायच्या म्हणे. खुर्चीत बसल्यापासून रान त्यांना फक्त टोपल्यांतून भेटायला लागलं. अळंबीच्या देठाला चिकटलेली माती बोटाने चुरून त्या सांगायच्या, “ही ओढ्यापलीकडची. तो मोठा ओंडका अजून आहे का गं तिथे?” टोपली आणणारी बाई म्हणायची, आहे, किंवा म्हणायची, वाहून गेला. मग सासूबाई ‘हं’ म्हणून शिक्का मारायच्या. मला सुरुवातीला याचं हसू यायचं. पुढे यायचं बंद झालं.

पारख करायची तीन हत्यारं होती: डोळा, सुरी आणि नाक. डोळ्याचा नियम सोपा होता. मुळासकट नसलेली अळंबी परत. कारण सगळ्यात वाईट जात, जी माणसाला चार दिवसांत संपवते, ती वरून दिसायला गरीब गायीसारखी असते. तिची ओळख जमिनीत असते. देठाच्या बुडाशी एक फाटकी पांढरी पिशवी असते, अंड्याच्या टरफलासारखी. रानातच देठ कापून स्वच्छ माल आणणाऱ्या नव्या माणसाला सासूबाई अशा काही फैलावर घ्यायच्या, की तो दुसऱ्या दिवशी मातीच्या ढेकळासकट अळंबी घेऊन यायचा. जर्दाळूसारख्या वासाची पिवळी कुपी, छत्रीखाली पात्यांऐवजी स्पंजासारखी भोकं असलेली जाडी, या जाती डोळ्यालाच कळायच्या.

खरी परीक्षा होती दोन पांढऱ्या बहिणींची. दोघी गवतात उगवतात, दोघी गोऱ्यापान, दोघींच्या गळ्यात तीच झालरीची कॉलर. सुरी लावली की दोघी पिवळ्या पडतात, एक जरा जास्त, एक जरा कमी. आणि पावसात भिजलेल्या असतील तर तोही फरक भरवशाचा राहत नाही. थोरलीला बडीशेपेचा वास येतो आणि तिला बाजारात सगळ्यात जास्त मागणी. धाकटीला दौतीतल्या शाईचा वास येतो. धाकटी खाल्ली तर धडधाकट माणूस दोन दिवस ओकून ओकून बेजार होतो आणि उठतो. पण तान्हं मूल किंवा जर्जर म्हातारं उठेलच असं नाही. या दोघींमध्ये निवाडा करायचा तो नाकाने. आणि सासूबाईंचं नाक पंचक्रोशीत गाजलेलं होतं.

ते गेलं कधी, हे मला नेमकं माहीत आहे. एका हंगामाच्या तोंडावर त्यांना आठवडाभर ताप आला. त्यातून उठल्यावर त्या वर स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसल्या होत्या, मी जिना चढून आले तर घरभर धूर. शेगडीवर दूध करपून कोळसा झालेलं, आणि सासूबाई त्याच्याकडे पाठ करून हातभर अंतरावर शांतपणे शेंगा मोडतायत. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला ओरडायचं होतं ते मी ओरडले नाही.

“कुणाला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “येईल परत.”

आलं नाही.

आता इथे माझं नाक मध्ये आलं. मला लहानपणापासून वास जरा जास्तच येतो. जिन्यात कोण येऊन गेलं ते मी सांगू शकते. नवरा म्हणायचा, तुझ्याशी लग्न केलं म्हणजे आयुष्यभर आंघोळ चुकवता यायची नाही. तेव्हा ही थट्टा होती. सासूबाईंनी मला कागदोपत्री मदतनीस म्हणून घेतलं, म्हणजे खिडकीतून टोपली आत घ्यायची आणि टेबलावर ठेवायची एवढंच. टोपली उचलताना मी वास घ्यायचा. आमच्याकडच्या टोपल्यांना वर कमानीसारखी एक दांडी असते. माल चांगला असला तर टोपली अशी ठेवायची की दांडी टेबलाच्या कडेला समांतर, आडवी. वास खोटा असला तर दांडी उभी, सासूबाईंच्या पोटाकडे रोखलेली. मग त्या नेहमीप्रमाणे अळंबी उचलणार, सुरीने कापणार, नाकाशी नेणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार. नाटक इतकं बेमालूम व्हायचं की कधीकधी मलाच वाटायचं, यांना वास येतोय.

पहिल्या हंगामात मला मजा वाटली, हे कबूल करते. दुसऱ्या हंगामापर्यंत मला ती खोली खायला उठायला लागली. सकाळी सहाला खिडकी उघडायची, दुपारी दोनला बंद. चुन्याचा भपका, ओली माती, लोकांचे घाम. सारखा वास घेऊन घेऊन नाक बसतं, म्हणून दर दहा टोपल्यांनंतर मागच्या दाराने बाहेर जायचं, स्वतःच्या कोपराच्या खळगीत नाक खुपसून वीस श्वास घ्यायचे आणि परत आत यायचं. तेवढीच माझी हवापालट. सर्दी होऊ नये म्हणून मी भर उन्हातही गळ्याला रुमाल गुंडाळायची. कांदा चिरायची मला बंदी होती. सुवासिक साबण बंद. आजारी पडायचीसुद्धा सोय नव्हती, कारण मी आजारी पडले असते तर सासूबाई आंधळेपणाने शिक्के मारत बसल्या असत्या, किंवा उघड्या पडल्या असत्या.

नवरा तेव्हा दोनशे किलोमीटरवर पाणीपुरवठ्याच्या धरणावर नोकरीला लागला होता. महिन्यातून एकदा दोन दिवस यायचा. पुढे त्याला तिथे क्वार्टर मिळालं. दीड खोली, मागे थोडी झाडी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसतं, असं तो सांगायचा. मी ट्रंक भरायला घेतली. दोन चादरी, पडदे, चार भांडी, त्याच्यासाठी विणलेला स्वेटर. एकदाच काय ते धाडस करून मी सासूबाईंना म्हटलं, “आई, असं किती दिवस चालायचं?”

त्यांनी बराच वेळ सुरी पुसली. मग म्हणाल्या, “या हंगामाच्या शेवटी मी गुडघ्यांचं कारण सांगून खुर्ची सोडते. अब्रूने सोडते. मग तू मोकळी. एवढं निभावून ने.”

मी निभावून नेत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नऊ दिवस उरले होते.

त्या दिवशी रांगेत मास्तर होते. निवृत्त चित्रकला शिक्षक, हौस म्हणून अळंबी गोळा करायचे. फार सज्जन आणि फार टापटिपीचे. कुठे काही वाकडं दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. आमच्या खिडकीबाहेर नियमांची पाटी होती, ती येता-जाता त्यांनीच किती वेळा सरळ केली असेल. त्यांची टोपली मी आत घेतली आणि शाईचा वास माझ्या टाळ्यापर्यंत गेला. टोपलीभर धाकटी. मी दांडी उभी करून टोपली टेबलावर ठेवली. ती दहावी टोपली होती. सासूबाई मागल्या चिठ्ठीवर शिक्का मारत होत्या. मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि कोपरात नाक खुपसून श्वास मोजायला लागले.

परत आले, पुढच्या तीन टोपल्या झाल्या. चौथीच्या वेळी बादलीकडे लक्ष गेलं. चुना सपाट आणि पांढराशुभ्र होता. टोपलीभर अळंबी त्यात पडली असती तर तो असा दिसला नसता.

“आई, मास्तरांची टोपली?”

“पास केली,” त्या म्हणाल्या. “दांडी आडवी होती.”

दांडी आडवी कशी झाली ते विचारायला मास्तरांकडे जायची गरजच नव्हती. खिडकीतून आत वाकून त्या भल्या गृहस्थाने तिरकी दिसणारी टोपली टेबलाच्या कडेशी नीट जुळवून ठेवली होती.

मी पळत बाजारात गेले. मास्तरांचा माल तोवर सगळा खपला होता. त्यांनी आठवून सांगितलं, की अर्धा माल वृद्धाश्रमाच्या आचाऱ्याने नेला आणि बाकीचा आठ-दहा जणांनी. चेहरे त्यांना आठवेनात. तेवढ्यावरही भागलं नाही. कारण त्यांच्या शेजारच्या बाईकडे थोरली होती, खरी बडीशेपेची, आणि लोकांनी दोघांकडून थोडी थोडी घेऊन एकाच कागदी पिशवीत टाकली होती. मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा साडेदहा वाजले होते. आश्रमात जेवण बाराला असतं.

सासूबाईंच्या खुर्चीमागे भिंतीवर एक दोरी होती. ती छपरावरच्या घंटेची. पारखिणीने घंटा वाजवली की बाजारातली अळंबीची विक्री बंद, आणि त्या दिवशी विकलेली सगळी अळंबी जिथे असेल तिथून फाटकाशी परत आणायची, असा जुना नियम होता. एकतीस वर्षांत ती एकदाही वाजली नव्हती. दोरीला जळमटं लागली होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळल्या.

पाऊण तासात फाटकाशी सगळा गाव गोळा झाला. आश्रमाचा आचारी चिरलेली अळंबी पातेल्यासकट घेऊन आला. तो हळू चालत होता म्हणून मी त्याच्यावर उगाच खेकसले. कागदी पिशव्या एकापुढे एक मांडल्या गेल्या, चाळीसच्या वर. सचिव आले. कानावर पेन्सिल ठेवणारा, उगाच आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी सासूबाईंना विचारलं, यातल्या कुठल्या?

त्या पिशव्यांकडे बघत राहिल्या. मीही बघत होते. कागदी पिशवीला दांडी नसते. भर चौकात, सगळ्यांच्या नजरेसमोर, मी त्यांना काय खूण करणार होते? त्यांना सगळंच चुन्यात घाला असं म्हणता आलं असतं. पण मग चाळीस घरांचा दिवस बुडाला असता, आणि उद्या सकाळी सहाला त्याच खिडकीत तोच खेळ पुन्हा मांडावा लागला असता. हे मी नंतर बसून जुळवलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की त्यांनी भिंतीचा आधार सोडला.

“मला दोन वर्षं झाली वास येत नाही,” त्या म्हणाल्या. “शिक्का माझा होता, नाक हिचं होतं. चूक माझी. पिशव्या हिला दाखवा.”

मास्तर खाली मान घालून उभे होते, आणि तशातही त्यांनी समोरची एक कलंडलेली पिशवी उभी केली. मग सगळ्यात जुनी अळंबीवाली, जिला आम्ही थोरल्या काकू म्हणत असू, ती म्हणाली, “म्हणजे दोन वर्षं आम्ही सुनेच्या नाकावर जगलो?” दोघंतिघं हसले. ते हसणं वाईट नव्हतं. वाईट असतं तर फार बरं झालं असतं.

मी खाली बसले आणि पिशव्या हुंगायला लागले. गाव बघत होता. ही, ही, ही नाही, ही. आचाऱ्याच्या पातेल्यात सगळीच धाकटी. मला चुकता आलं असतं. तिथे चार चुकीची उत्तरं दिली असती, तर माझ्या नाकावर कुणी भरवसा ठेवला नसता आणि नऊ दिवसांनी मी बसमध्ये बसले असते. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. पण चुकीचं उत्तर द्यायचं म्हणजे शाईची अळंबी कुणाच्या तरी हातात परत द्यायची, किंवा चांगली चुन्यात घालायची. आणि नाक माझ्या आधीच बोलून मोकळं होत होतं. शेवटची पिशवी झाली तेव्हा उन्हाने माझी पाठ भाजत होती आणि माझं काय झालं होतं ते मला कळलं होतं.

सचिवांनी पेन्सिल कानावरून काढली. म्हणाले, ताई, आता तुम्हीच बसा. मी म्हटलं, मला जायचंय, माझा संसार तिकडे आहे, ट्रंक भरून ठेवलीय. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं, मग अळंबीचा बाजार बंद ठेवू, दुसरं काय. धमकी नव्हती ती. खरंच दुसरं काही नव्हतं. चाळीस घरं माझ्याकडे बघत उभी होती, त्यांच्या टोपल्या, त्यांची मातीची नखं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी ‘तिला जाऊ द्या’ एवढे तीन शब्द म्हटले असते तर मी गेले असते. त्या आपल्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

“तात्पुरतं,” सचिव म्हणाले. “दुसरं कुणी तयार होईपर्यंत.”

हंगाम संपल्यावर एका दुपारी सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. एकतीस वर्षांत त्या बसमध्ये बसल्या नव्हत्या. चाचरत म्हणाल्या, “मी जाऊ का त्याच्याकडे? थोडे दिवस. त्याच्या जेवणाचे हाल होतात.” मला त्यांचा फार राग आला. अजूनही येतो. आणि त्याच वेळी त्यांच्या तोंडावर एखाद्या मुलीसारखी आशा दिसत होती, तिला नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. ट्रंक भरलेलीच होती. चादरी, पडदे, भांडी, स्वेटर. मी फक्त माझ्या दोन साड्या काढून घेतल्या आणि त्यांच्या घातल्या.

याला तीन वर्षं झाली. नवरा अजून महिन्यातून दोन दिवस येतो. नोकरी सोडून इथे येतो म्हणाला होता. पण इथे त्याला काम काय, आणि तिकडे आईचं काय, यावर बोलून बोलून आता आम्ही दोघंही गप्प झालो आहोत. माझ्या हाताखाली दोन जणी शिकायला आल्या. एकीला चुन्याने खोकला व्हायचा. दुसरी चांगली तयार होत होती, तिचं लग्न ठरलं आणि ती गेली. तिला निरोप देताना मी इतकी रडले की लोकांना वाटलं, माझा फार जीव होता तिच्यावर.

लोक मला पारखीण म्हणतात. देठाची माती बोटाने चुरून मी विचारते, ओढ्यापलीकडे पाणी चढलंय का. उत्तराची वाट बघते.

परवा टपालाने एक डबा आला. नवऱ्याचा दाढीच्या साबणाचा जुना डबा, वर सासूबाईंचं गिचमिड अक्षर. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली एकच पांढरी अळंबी, मुळासकट, मातीसकट. सोबत चिठ्ठी. क्वार्टरच्या मागच्या झाडीत रोज थोडी चालते, गुडघे बरे आहेत. तिथे या खूप उगवल्यात. कापल्यावर पिवळी पडते. बडीशेप की शाई, तेवढं कळव. त्याला खायची फार इच्छा आहे.

मी खिडकी लावून घेतली. रांग बाहेर तिष्ठत राहिली. मी अळंबी नाकाशी धरली. बडीशेप होती, स्वच्छ आणि गोड. तिच्या आड ओली माती होती, मी कधी न पाहिलेल्या झाडांचा पाला होता, आणि डब्याच्या कडेला राहिलेला त्याच्या साबणाचा वास होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं म्हणतात त्या पाण्याचाही असावा. दहा टोपल्यांना लागतो तेवढा वेळ मी तशीच बसून राहिले.

मग कोरी चिठ्ठी घेऊन लिहिलं, ‘थोरली आहे. खा.’ आणि शिक्का मारून खिडकी उघडली.